मेष्ट्रुंचा व्यत्यास

मेष्ट्रुंना वेळ विचारली की ते फरक सांगायचे.

दोन मनगटांवर दोन घड्याळं. डावं वडिलांचं, उजवं सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. कुणी विचारलं, "मेष्ट्रे, किती वाजले?" की आधी डावा हात वर जायचा, मग उजवा, मग दोन्ही हात समोर धरून, नमस्कार करता करता विसरल्यासारखे ते थोडा वेळ उभे राहायचे. आणि मग उत्तर यायचं, "चार मिनिटं."

"चार मिनिटं काय?"

"फरक."

"अहो, पण वाजले किती?"

"ते मला काय ठाऊक? दोन्ही खोटी असतील. फरक तेवढा खरा."

विचारणारा नवा असला तर हसायचा, जुना असला तर शेजारच्या वाण्याकडं जाऊन वेळ विचारायचा.

मेष्ट्रु म्हणजे कन्नडमध्ये मास्तर. पण आमच्या मेष्ट्रुंनी कुठल्या शाळेत शिकवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना मुळात एका जागी तीन वाक्यं सरळ बोलता येत नसत. घराणं मराठी, कुणी खापरपणजोबा म्हैसूरच्या फौजेत तलवार घेऊन आले ते इथलेच झाले. घरात बोलायचे मराठीच, पण ती मराठी अशी, की मी मिरजेहून लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा मला वाटायचं हे लोक कन्नड बोलताहेत, आणि कन्नडवाल्यांना वाटायचं मराठी. दोघांचंही अर्धं बरोबर होतं.

म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये त्यांचं घर, आणि घराच्या मागच्या बाजूला लांबट खोली. त्या खोलीत बॅटरीचे चार्जर, व्होल्टमीटर, शाळांच्या प्रयोगशाळांतली बिघडलेली यंत्रं, असलं सगळं दुरुस्तीला यायचं, आणि थोडं नवंही बनायचं. मी तिथं कशी पोचले ते सांगते, कारण त्यातच पुढचं सगळं आहे.

आमच्या घरचा रेडिओ खरखरायला लागला म्हणून यजमान आणि मी तो घेऊन गेलो. मेष्ट्रुंनी पाठ उघडली आणि भिंग लावून शोधत बसले. मी मागून बघत होते. म्हटलं, "त्या पिवळ्या वायरीचा टाका सुटलाय."

मेष्ट्रुंनी वळून बघितलं. "तुला कसं दिसलं ग, अम्मा?"

"शिवण करते. सुटलेला टाका दिसतो."

त्यांनी तिथं सोल्डरचा थेंब टाकला, रेडिओ गायला लागला. मेष्ट्रु यजमानांना म्हणाले, "हिला माझ्याकडं पाठवा. कामाला."

यजमान हसले, म्हणाले, "कधीपासून पाठवू?"

"अवसर काही नाही," मेष्ट्रु म्हणाले.

आता मी नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. अवसर म्हणजे संधी. म्हणजे आधी बोलावतात आणि लगेच म्हणतात संधी नाही! घरी येऊन मी चांगली रडले. पंधरा दिवसांनी मेष्ट्रु स्वतः आमच्या दारात उभे. "काय अम्मा, अवसर नाही म्हटलं म्हणून इतका उशीर करायचा?" तेव्हा कळलं, की यांच्याकडं अवसर म्हणजे घाई. घाई नाही, सावकाश ये, असं म्हणाले होते बिचारे.

अशी आमची गाठ पडली. सासूबाईंनी परवानगी दिली ती अटीवर. "तीन महिने बघू. कुणाची तक्रार आली की घरी." आणि मेष्ट्रुंचंही तेच, तीन महिने बघू. बरं काम केलंस तर खिडकीजवळचं टेबल तुझं. तोवर न्हाणीच्या भिंतीला लागून एक अंधारं टेबल होतं, तिथं दिवा लावून बसायचं.

खिडकीजवळच्या टेबलावर मेष्ट्रुंच्या भाच्याचा जेवणाचा डबा असायचा. भाचेसाहेब डिप्लोमा झालेले, केसांना तेल लावून मधोमध भांग पाडलेले. ते टेबलावर बसत नसत, पण दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून डबा ठेवत. बसमध्ये रुमाल टाकतात तसं. मला ते 'वैनी' म्हणायचे, आणि त्या 'वैनी'त असं काही असायचं की त्यापेक्षा नाव घेऊन हाक मारली असती तर बरं.

मेष्ट्रुंचं घर मागच्या दारानं या खोलीला जोडलेलं. घरात त्यांची बायको आणि त्यांची विधवा बहीण. नणंद-भावजय. दोघी चांगल्या होत्या हो, मला रोज तिंडी, म्हणजे नाश्ता, खाल्लीस का विचारायच्या. पण दोघी दिवसातून दहा वेळा दारात येऊन मेष्ट्रुंपुढं गाऱ्हाणं घालायच्या, आणि मेष्ट्रु मान खाली घालून सोल्डर करत ऐकायचे. मला वाटायचं ऐकतच नाहीत. एक दिवस म्हणाले, "ऐकतो की. दोघी जे सारखं सांगतात ते सोडून देतो. एक म्हणते मीठ जास्त, दुसरी म्हणते कमी, तेवढं ऐकतो. दोघींमधला फरक, तीच बातमी. बाकी सगळा घरचा आवाज."

तर त्यामुळं असं व्हायचं, की नळ गळतोय यावर दोघींचं एकमत होतं, म्हणून तो नळ मी तिथं असेपर्यंत गळतच राहिला. ज्या गोष्टीवर नणंद-भावजयींचं जुळे ती गोष्ट त्या घरात कधी झाली नाही.

पण मला जे काही इलेक्ट्रॉनिक्स आलं ते या वाक्यातून आलं. सांगते कसं.

बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतल्या एका मठातून एक लामा आले होते. मठात मोठ्या बॅटऱ्यांची रांग होती, वीज गेली की प्रार्थनेच्या दिव्यांना त्या करंट पुरवायच्या. पण बॅटरीत करंट किती जातो, किती बाहेर पडतो, हे दाखवणारा त्यांचा मीटर खोटारडा. नेहमी म्हणायचा भरतंय, भरतंय, आणि मग भर प्रार्थनेत काळोख. लामा आमच्यापेक्षा चांगलं कन्नड बोलायचे. म्हणाले, "मेष्ट्रे, आम्ही म्हणतो की जग भ्रम आहे. पण मीटर तरी खरा असावा."

मेष्ट्रु या वाक्यावर असे खूष झाले की म्हणाले, दुरुस्ती नको, नवाच करून देतो. स्वतः डोकं लढवून केलेला. त्यांच्या हयातीतला असला पहिलाच.

त्याचं असं. बॅटरीच्या वाटेत एक जाड पट्टी घालायची, तिला शंट म्हणायचं. करंट वाहिला की पट्टीच्या दोन टोकांत व्होल्टेजचा किंचित फरक पडतो. किती किंचित? दोन्ही टोकं चोवीस व्होल्टांवर बसलेली आणि त्यांच्यातला फरक केसाएवढा. ते चोवीस ऐकायचे नाहीत, केसाएवढा फरक तेवढा उचलायचा, मोठा करायचा आणि काट्याला सांगायचा. हे काम करणाऱ्या सर्किटला डिफरेन्शियल अॅम्प्लिफायर म्हणतात. आमच्याकडं त्याचं नाव नणंद-भावजय सर्किट. मधोमध आठ पायांची काळी चिप, तिला आम्ही झुरळ म्हणायचो, आणि तिच्याभोवती चार रेझिस्टर.

"हे चार रेझिस्टर जुळे पाहिजेत, अम्मा," मेष्ट्रु म्हणाले. "जरा कमीजास्त झाले की ह्याचा कान एकीकडं कलतो. मग दोघी सारखं बोलल्या तरी ह्याला भांडण ऐकू येतं."

तर शंभर रेझिस्टरांच्या ढिगातून मी दोन दिवस पत्रिका जुळवल्यासारखे ते चार जुळवले. बोर्ड सोल्डर केला. काटा मधोमध शून्य असलेला, उजवीकडं गेला तर बॅटरीत करंट जातोय, डावीकडं गेला तर बाहेर येतोय. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी झाली तेव्हा चार्जर बंद, काटा शून्यावर, कसा मुंजीतल्या मुलासारखा ताठ. फक्त पट्टीवरचा एक टाका मला फिक्का वाटला म्हणून जाता जाता मी तो परत केला. घाईघाईनं. हे लक्षात ठेवा.

खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा. म्हैसूरच्या आयुधपूजेबद्दल मी काय सांगू, इथं सायकलसुद्धा त्या दिवशी झेंडू घालून बसते. मेष्ट्रुंच्या खोलीत पाटावर खापरपणजोबांची तलवार, तिच्याशेजारी सोल्डरच्या कांड्या, पक्कडी, मीटर, आणि मधोमध लामांच्या नव्या मीटरचा डबा, झाकण उघडं. कोहळा फोडायचा, गंध-कुंकू लावायचं, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. पूजेच्या आधी मेष्ट्रुंनी सगळ्यांना ताकीद दिली होती, मला, भाचेसाहेबांना, बायकोला, बहिणीला. "कुंकू डब्याला बाहेरून. आत कुणाचं बोट गेलं तर बोट तोडीन. देव बाहेरूनही बघतो."

दसरा झाला, खोली उघडली, डब्याचं बटण दाबलं. चार्जर बंद, सगळं बंद, आणि डब्याचा काटा उजवीकडं दोन अँपिअरवर!

दोष काय असेल यासाठी मेष्ट्रुंची एक वही होती. चार रकाने. दोष, अनुमान, कारण, उपाय. त्यांच्या भाषेत अनुमान म्हणजे संशय. भाचेसाहेबांनी लगेच 'अनुमान' खाली लिहिलं, 'अम्मा'. मी ते वाचलं आणि मला वाटलं अनुमान काढायचं काम माझ्याकडं दिलंय. मी आनंदानं बसले विचार करत. अर्ध्या तासानं मेष्ट्रुंच्या बहिणीनं मला सांगितलं, "अग वेडे, तुझ्यावर संशय आहे म्हणतोय तो."

भाचेसाहेबांचं म्हणणं असं, की काटा खोटं बोलत नाही, करंट खरंच वाहतोय. वैनींनी शेवटच्या दिवशी घाईत टाका घातला, ओल्या हातानं घातला, तिथून चोरवाट पडली. "बायकांच्या हाताला ओल असतेच, मामा. पाण्यात हात असतात ना सारखे." आणि तो दोष पण असा लबाड, की सकाळी धुक्याच्या वेळी काटा दोनाच्याही पुढं, आणि दुपारी ऊन चढलं की अर्ध्यावर. ओलच ती! टाका घाईत घातला होता हे खरंच होतं.

घरी सासूबाईंना अजून काही माहीत नव्हतं. पण भाचेसाहेबांची बायको आणि आमच्या सासूबाई एकाच देवळात भजनाला जायच्या. तक्रार पोचायला फार तर शुक्रवार.

आणि लामा डबा न्यायला येणार होते गुरुवारी अकराला.

आता गुरुवारी मेष्ट्रुंचं मौन. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत. कुणी म्हणायचं गुरूचा वार म्हणून. मला विचाराल तर गुरुवारी नणंद-भावजय दोघींचा उपास असायचा, आणि उपाशी माणसांपुढं न बोलणं हे शहाणपण आहे, व्रत नव्हे. गळ्यात दोरीनं पाटी अडकवलेली, तिच्यावर खडूनं लिहायचे. लिहायचे कन्नड अक्षरांत. मी कन्नड अक्षरं बसच्या पाट्यांवरून शिकलेली, त्यामुळं गावांची नावं मला धडाधड वाचता यायची, बाकीचं अडखळत.

त्या गुरुवारी मी आठालाच गेले. काटा उजवीकडं दोन. मेष्ट्रु आले, बघितलं, भाच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पाटीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं.

व्य. त्या. स. नोडु.

नोडु म्हणजे बघ, एवढं मला येत होतं. आणि व्यत्यास? तो तर मला चांगलाच येत होता! भूमितीत नव्हता का? प्रमेय उलटं करायचं. दोन बाजू समान तर समोरचे कोन समान, आणि व्यत्यास म्हणजे कोन समान तर बाजू समान. नववीला मी व्यत्यासावरच शाबासकी मिळवली होती. म्हणजे मेष्ट्रु म्हणताहेत, उलटं करून बघ.

मी म्हटलं, "हो मेष्ट्रु, कळलं," आणि डब्यातून पट्टीकडं जाणाऱ्या दोन बारीक वायरी सोडवल्या. डावी उजवीकडं लावायची, उजवी डावीकडं.

मेष्ट्रुंनी हात हलवायला सुरुवात केली. मला वाटलं शाबास म्हणताहेत. मग त्यांनी पाटीवर बोट आपटलं. मी म्हटलं, "हो हो, व्यत्यास, तेच करतेय." ते डोकं हलवायला लागले. दोन्ही घड्याळं कानाशी खणखणतील असे हात. तोंड उघडलं, मिटलं. एकदा टेबलाला प्रदक्षिणा घातली. त्यांना सांगायचं होतं, की अग बाई, कन्नडमध्ये व्यत्यास म्हणजे फरक! पट्टीच्या दोन टोकांतला फरक मीटरनं मोजून बघ, एवढंच म्हणायचं होतं. पण हे सगळं पाटीवर मावेना, आणि खडू त्या घाईत मोडला.

तेवढ्यात बाहेर लामांची जीप वाजली. अकराला येणारा माणूस दहालाच आला. भाचेसाहेब भांग सारखा करत फाटकाकडं धावले. आणि मी वायरी उलट्या लावून काट्याकडं बघितलं.

काटा उजवीकडं दोन.

मी म्हटलं, "मेष्ट्रु, हा हललाच नाही."

त्यांचे हात हवेत तसेच राहिले.

"करंट खराच वाहत असता तर वायरी उलट्या केल्यावर काटा डावीकडं जायला पाहिजे होता. इकडून बघितलं तरी उजवं, तिकडून बघितलं तरी उजवं? म्हणजे हा पट्टीकडं बघतच नाही. हा पढवलेला साक्षीदार आहे, मेष्ट्रु. काहीही विचारा, पाठ केलेलं सांगतोय. पट्टीवर काही नाही. माझ्या टाक्यात काही नाही. ह्याला आत कुणीतरी पढवलंय."

मेष्ट्रु माझ्याकडं असे बघत राहिले की जणू माझ्या मनगटावर तिसरं घड्याळ दिसतंय. मग त्यांनी डबा जवळ ओढला, भिंग लावलं आणि झुरळाच्या आजूबाजूला नाक लावून बघायला लागले. मीही डोकं घातलं. एका रेझिस्टरच्या पायाशी तांबूस डाग होता. आम्ही दोन दिवस तो सोल्डरच्या राळेचा समजत होतो. भिंगातून तो राळेचा दिसेना. लाल होता. गोल होता. आणि त्याला बोटाच्या रेघा होत्या.

"अय्यो!" मेष्ट्रु म्हणाले.

मौनात! मी तिथं होते, मी साक्षीदार.

कुंकू हो. गंधात कालवलेलं कुंकू. कुंकू म्हणजे हळद आणि चुना, सकाळच्या दमट हवेत ते ओलं होतं, आणि त्या ओलीतून चोरवाट. जुळ्यांपैकी एकाचीच पत्रिका बिघडली, कान एकीकडं कलला. उन्हानं वाळलं की जरा सुधारायचं. ओल होती हे भाचेसाहेबांचं खरंच होतं. पण हाताची नव्हती.

मी माझं बोट त्या डागाशेजारी धरलं. माझं बोट शिवणकामाचं, निमुळतं. डाग चांगला दणदणीत, अनामिकेचा. मी म्हटलं, "मेष्ट्रु, हे बोट कुणाचं? तोडायचं होतं ना ते?"

मेष्ट्रुंना तेव्हा आपलं मौन आठवलं. त्यांनी तेच बोट ओठांवर ठेवलं. व्रत म्हणून की विनंती म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांचा स्वतःचा, हयातीतला पहिला डबा. कुणी बघत नाही असं बघून हळूच आत एक बोट लावलं असणार. मला हसू आलं. मी कापसाला स्पिरिट लावून डाग पुसला, फुंकर घालून वाळवला. काटा शून्यावर येऊन उभा राहिला. वायरी परत सरळ केल्या, तरी शून्य.

लामा आत आले, पाठोपाठ भाचेसाहेब. काटा बघून भाचेसाहेबांचं तोंड पडलं. "काय होतं, मामा?"

मामांचं ओठांवर बोट.

"वैनी, काय होतं?"

मी मेष्ट्रुंकडं बघितलं. मेष्ट्रु छताकडं बघत होते. मी म्हटलं, "आतला डाग होता. पुसला."

"डाग! म्हणजे हातच!" भाचेसाहेबांनी वही ओढली आणि 'कारण' खाली ठासून लिहिलं, 'हाताची ओल. अम्मा.' खाली सहीसुद्धा केली. आणि जेवणाचा डबा खिडकीजवळच्या टेबलावर चार बोटं आणखी आत सरकवला.

मालकानंच आत बोट घातल्याची चहाडी तीन महिन्यांच्या उमेदवार बाईनं परक्या माणसापुढं कशी करायची? पण मनात म्हटलं, मेष्ट्रु, बारा वाजू देत, बघतेच तुम्ही काय करता ते.

चार्जर चालू केला, काटा बरोबर चढला, बंद केला, उतरला. लामा समाधानानं खुर्चीवर बसले. मेष्ट्रु मात्र जागेवर ठरेनात. खोलीभर हात हलवत, खांदे उडवत, स्वतःशीच भांडत फिरत होते. लामा बराच वेळ ते बघत राहिले. मग मला म्हणाले, "आमच्याकडं मौन धरलं की हातही गप्प बसतात."

बारा वाजायला आले. मेष्ट्रुंनी उजवा हात वर केला. भाचेसाहेब म्हणाले, "मामा, बारा झाले. बोला आता."

मेष्ट्रुंनी डावा हात पुढं केला. त्यात अजून चार मिनिटं होती.

त्या चार मिनिटांत मी माझा पदर शंभरदा सारखा केला असेल. मेष्ट्रु वहीसमोर जाऊन उभे राहिले. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खिडकीकडं. मला वाटलं, झालं, डावं घड्याळ बंद पडलंय असं म्हणतील.

मग त्यांनी दोन्ही मनगटं समोर धरली, घसा साफ केला, पेन घेतलं, भाच्यानं लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

"दोष, नसलेला करंट दाखवणे. कारण, भक्ती. उपाय, स्पिरिट."

लामा म्हणाले, "मेष्ट्रे, हा उपाय आमच्या मठात चालायचा नाही."

"कुणाची भक्ती?" भाचेसाहेब.

"मालकाची," मेष्ट्रु म्हणाले, आणि ते बोट वर करून दाखवलं. मग खिडकीजवळ गेले, भाच्याचा जेवणाचा डबा उचलला आणि न्हाणीच्या भिंतीजवळच्या अंधाऱ्या टेबलावर नेऊन ठेवला. "ये अम्मा. इथं उजेड बरा आहे."

लामा गेल्यावर मी म्हटलं, "मेष्ट्रु, पाटीवर तुम्हीच तर लिहिलं होतं, व्यत्यास बघ म्हणून."

"फरक बघ म्हटलं होतं ग! व्यत्यास म्हणजे फरक!"

"मराठीत व्यत्यास म्हणजे उलट करणं."

"कुठल्या मराठीत?"

"मिरजेच्या."

मेष्ट्रुंनी विचार केला. "मग मिरजेचं बरोबर," म्हणाले. "आजच्यापुरतं." पण त्यानंतर वहीत एक पाचवा रकाना आला. 'व्यत्यास.' कुठलंही यंत्र आलं की आधी वायरी उलट्या करून बघायच्या. जे उलटं होतं ते खरं, जे तसंच राहतं ते घरचं. भाचेसाहेबांना तो रकाना रोज भरावा लागायचा, अंधाऱ्या टेबलावर बसून.

मी त्या खिडकीत पुढं बरीच वर्षं काढली. सासूबाईंकडं तक्रार पोचली ती वेगळीच, की तुमची सून मेष्ट्रुंना उलटं बोलते. सासूबाई म्हणाल्या, तेवढं चालेल, आम्हालाही बोलते.

पुढच्या आयुधपूजेला मठाचा दुसरा डबा तयार होता. पाटावर तलवारीशेजारी, झाकण उघडं. मेष्ट्रुंनी ताकीद दिली, कुंकू बाहेरून. सगळे प्रसादाला घरात गेले. मी चप्पल घालायला मागं वळले तर मेष्ट्रु डब्यावर वाकलेले. एक बोट झुरळाच्या डाव्या रेझिस्टरला. मग दुसरं, तेवढंच, उजव्याला. भिंग लावून दोन्ही टिकल्या बघितल्या, उजवीतलं किंचित नखानं काढलं, परत बघितलं.

मला बघून दचकले नाहीत. म्हणाले, "दोन्हीकडं सारखं लावलंय. आता कुणाचं ऐकेल?"

खोली उघडली त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले, पदराआड स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन. धुकं होतं. बटण दाबलं.

काटा शून्यावर. वायरी उलट्या केल्या, तरी शून्य. मी बाटली फडताळात जागेवर ठेवून दिली.